पट्टीवरची 'खर्च' नावाची ओळ: आडत कोण देतं, आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?



मागचा व्हिडिओ दुकानाच्या उधारीवर होता. पण त्यानंतर जे फोन आणि मेसेज आले, त्यातले निम्मे उधारीचे नव्हतेच. विचारणा होती आडतीची. "सर, आडत बंद झाली म्हणतात, मग आमच्या पट्टीत कपात कसली?" "सरकारचं यावर लक्ष आहे की नाही?" व्हिडिओत आकडे सांगितले की ते कानावरून निघून जातात, म्हणून हा विषय लिहूनच देतोय. शेजारी वही-पेन घेऊन बसा. आणि घरात मागच्या हंगामातली एखादी पट्टी असेल तर तीही काढून ठेवा.

सुरुवात एका पट्टीपासूनच करतो.

घोटीत आपण छोट्या व्यावसायिकांचा वर्ग घेतला होता, तेव्हा इगतपुरी तालुक्यातल्याच एका गावातल्या ताई आल्या होत्या. पावसाळ्यात भात आणि भात निघाला की पाण्याच्या बाजूला टोमॅटो, काकडी. माल कधी इकडच्या बाजारात, कधी दूरच्या मोठ्या बाजारात. कोणता बाजार ते मी मुद्दाम सांगत नाही. कारण ही गोष्ट एका बाजाराची नाही, तुमच्या बाजाराचीही असू शकते. ताईंनी पिशवीतून रबर लावलेली पट्ट्यांची चळत काढली आणि म्हणाल्या, "सर, सगळं विकलं जातं, पण हिशोब बसत नाही."

सगळ्यात वरची पट्टी अशी होती. टोमॅटो ४० क्रेट, भाव ३०० रुपये क्रेट, एकूण १२,००० रुपये. त्याखाली एकच शब्द: 'खर्च', १,०४० रुपये. बाकी १०,९६०. गाडीभाडं ताईंनी गाडीवाल्याला रोख दिलेलं, म्हणजे ते यात नाही.

मी विचारलं, "ताई, हा खर्च कशाचा?"

"हमाली, तोलाई असेल की."

बरं. त्या बाजारात हमाली-तोलाई क्रेटला ८ रुपये होती, हे ताईंना माहीत होतं. ४० क्रेटचे झाले ३२०. मग १,०४० मधले उरलेले ७२० कुठले? १२,००० चे ६ टक्के काढून बघा. बरोबर ७२०. म्हणजे आडत 'आडत' या नावाने गेली होती आणि 'खर्च' या नावाने परत आली होती.

वर्गात एकदम शांतता झाली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "माझ्याही पट्टीवर हेच लिहिलंय."

आता मुळात नियम काय आहे ते बघू. आडत्या म्हणजे तुमचा माल तुमच्या वतीने विकून देणारा माणूस. त्याबद्दल त्याला मिळणारं कमिशन म्हणजे आडत. आपल्याकडे हा सगळा व्यवहार १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली आणि त्याच्या १९६७ च्या नियमांखाली चालतो. बाजारावर सरकारी नियंत्रण असावं ही कल्पना मात्र त्याहून खूप जुनी. वऱ्हाडात कारंजाचा कापसाचा बाजार १८८६ मध्येच नियमनाखाली आला होता, आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभर असे नियंत्रित बाजार व्हावेत अशी शिफारस केली होती. कारण तेच, जे आजही आहे: शेतकऱ्याला वजन, भाव आणि कपात या तिन्ही गोष्टी दुसरा माणूस सांगतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत आठवते का? आपल्या आजोबांना समोर उभं राहूनही आपल्या मालाचा भाव कळत नसे. कायद्याने ती पद्धत बंद करून उघड लिलाव आणला.

आडत मात्र वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्याच पट्टीतून जात होती. डिसेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे पणन संचालक सुभाष माने यांनी आदेश काढला की आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि काही दिवसांतच सरकारने आपल्याच अधिकाऱ्याच्या आदेशाला स्थगिती दिली. मग जुलै २०१६ मध्ये अध्यादेश आला. त्यात दोन गोष्टी झाल्या. फळं आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली, आणि फळं, भाजीपाला, कांदा-बटाट्याची आडत खरेदीदाराच्या अंगावर गेली. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांना तो महिना चांगला लक्षात असेल. व्यापारी संपावर गेले, लिलाव थांबले, आणि नंतर काही ठिकाणी 'कांदा गोणीत भरून आणला तरच घेऊ' अशी अट आली. ट्रॅक्टरमध्ये मोकळा कांदा आणणाऱ्याला गोणीचा, भरायचा, शिवायचा खर्च आला. एका दाराने आडत बाहेर काढली की दुसऱ्या दाराने काय आत येतं, याचा तो पहिला धडा होता.

आता इथे थांबून एक गणित करा. मी वर्गात हे गणित घातलं की बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, पण धंद्याचं शिकायचं तर हे कळलं पाहिजे.

समजा खरेदीदाराने मनात ठरवलंय की एक क्रेट त्याला सगळं धरून ३१८ रुपयांना पडला पाहिजे. जुन्या पद्धतीत आडत तुमची. तो ३१८ ची बोली लावतो, त्यातून ६ टक्के म्हणजे १९ रुपये ८ पैसे आडत जाते, तुमच्या हातात २९८ रुपये ९२ पैसे. नव्या पद्धतीत आडत त्याची. तो ३०० ची बोली लावतो, वर १८ रुपये आडत देतो, त्याला क्रेट ३१८ लाच पडतो. तुमच्या हातात ३००. फरक किती? एक रुपया आठ पैसे!

म्हणजे 'आडत माफ झाली, शेतकऱ्याचे ६ टक्के वाचले' हे वाक्य भाषणात छान वाटतं, पण तेवढं खरं नाही. खरेदीदार ती आडत बोलीतच धरतो. लिलावात घेणारे भरपूर असतील, चढाओढ असेल, तर थोडं तुमच्या बाजूला येतं. घेणारे चारच असतील आणि ते चौघे रोज एकत्र चहा पीत असतील, तर येत नाही.

मग बदल निरुपयोगी का? मला तसं वाटत नाही. त्याने एक मोठी गोष्ट दिली: लिलावात जो भाव तुम्ही कानाने ऐकला, तोच हातात यायला पाहिजे, फक्त हमाली-तोलाईसारखी मोजता येणारी कपात सोडून. हिशोब सोपा झाला. आणि सोपा हिशोब म्हणजे पकडता येणारा हिशोब. ताईंचं नुकसान झालं ते नेमकं इथे. खरेदीदाराने बोली कमी लावून आपली आडत वळती करून घेतली होतीच, वर ताईंच्या पट्टीतून ती परत कापली गेली. ३०० च्या भावावर पुन्हा १८. हातात २८२, वर हमाली-तोलाईची कपात वेगळीच. एकाच मालावर दोनदा आडत.

ताईंनी संध्याकाळी बसून सगळ्या पट्ट्या जोडल्या. हंगामाच्या २२ पट्ट्या, एकूण विक्री २,३१,०००. त्याचे ६ टक्के १३,८६०. त्याच हंगामात त्यांनी मल्चिंग पेपर आणि औषधं दुकानातून उधारीवर उचलली होती, उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त देऊन. हे तेरा हजार हातात असते तर ती उधारी लागलीच नसती.

त्या आडत्याकडे गेल्या. तो काय म्हणाला असेल? "ताई, लावणीच्या वेळी तुम्ही १५,००० उचल नेली, तेव्हा मी व्याज मागितलं का?"

हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण बहुतेकांचं तोंड इथेच बंद होतं. उचल घेतलेला माणूस पट्टीवर बोलत नाही. पण पुन्हा वही घ्या. १५,००० रुपये, ४ महिने, महिना २ टक्के असं चढं व्याज धरलं तरी १,२०० रुपये होतात. 'बिनव्याजी' उचलीसाठी ताईंनी १३,८६० मोजले. व्याज मागितलं असतं तर स्वस्तात पडलं असतं!

आडत्याची बाजूही सांगतो, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांत आडतीचा गाळा चालवणारेही आहेत आणि त्यातले बरेच जण चोख माणसं आहेत. बाजार समितीच्या शिस्तीत शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी, फार तर २४ तासांत द्यायचे असतात. घेणारा किरकोळ व्यापारी मात्र आडत्याला आठ-पंधरा दिवसांनी देतो, कधी बुडवतो. मधला धोका आडत्या पेलतो. त्याचं कमिशन फुकटचं नाही. माझं म्हणणं एवढंच की ते ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडूनच घ्यावं, आणि कागदावर त्याच्या खऱ्या नावाने लिहावं.

सरकारची देखरेख कुठे असते?

आता मूळ प्रश्नावर येऊ. 'लक्ष कोण ठेवतं?'

बाजार समितीत खरेदीदार शंभर रुपयाला साधारण एक रुपया बाजार फी भरतो. त्याशिवाय आणखी ५ पैसे भरतो. हे ५ पैसे बाजार समितीचे नसतात. ते राज्य सरकारचे. कायद्याच्या कलम ३४ अ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि त्याला नावच 'देखरेख खर्च' असं आहे. म्हणजे बाजारातल्या खरेदीवर सरकारी माणसाने नजर ठेवावी म्हणून घेतलेले पैसे. ताईंच्या १२,००० च्या टोमॅटोवर सरकारकडे ६ रुपये गेले. रक्कम लहान आहे, पण ती कशासाठी घेतली ते विसरू नका. कोणी म्हणालं की 'हा शेतकरी आणि आडत्या यांच्यातला खासगी मामला आहे', तर हे सहा रुपये आठवा. खासगी मामल्यावर सरकार देखरेख खर्च घेत नाही.

या देखरेखीच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली बाजार समिती. आडत्याला परवाना तीच देते, अनामत किंवा पतहमी तीच घेते, परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकारही तिच्याकडे. आडतीची टक्केवारी, हमालीचे दर हे समितीच्या उपविधींत आणि मंजूर दरपत्रकात असतं. समितीच्या वर तालुक्याला सहाय्यक निबंधक, जिल्ह्याला सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक. घोटीच्या माणसासाठी ते कार्यालय नाशिकला. त्याच्या वर पुण्यात पणन संचालक. ते समितीचं दप्तर तपासू शकतात, चौकशी लावू शकतात, आणि कारभार फारच बिघडला तर सरकार समिती बरखास्त करून प्रशासक नेमू शकतं. समितीच्या हिशोबाचं लेखापरीक्षण होतं ते वेगळंच.

कागदावर साखळी चांगली आहे. मग ताईंच्या २२ पट्ट्या कुणाला का दिसल्या नाहीत?

याचं उत्तर थोडं कडू आहे. ही साखळी वरून खाली बघत नाही, खालून वर तक्रार आली तर हलते. उपनिबंधक कार्यालयातला माणूस रोज पहाटे तुमच्या गाळ्यावर उभा राहणार नाही. त्याच्यासमोर कागद आला तर तो कागद बघतो. आणि समितीचं संचालक मंडळ कोणाचं असतं? नेहमीच्या बाजार समितीत १८ संचालक: ११ विविध कार्यकारी सोसायट्यांकडून, ४ ग्रामपंचायतींकडून, २ व्यापारी-आडत्यांचे, १ हमाल-तोलाऱ्यांचा. म्हणजे १८ पैकी १५ जण तुमच्या गावच्या बाजूचे! तुमच्या सोसायटीच्या ज्या सदस्याने मत दिलं, त्याला विचारा की आडतीच्या दुहेरी कपातीवर मंडळाच्या बैठकीत शेवटचा विषय कधी निघाला. निवडणुकीत जेवणावळी होतात, त्या जेवणात हा विषय निघत नाही.

आणखी एक कायदा सांगतो, जो बाजार समितीच्या कार्यालयात कोणी सांगत नाही. भारतीय करार कायदा, १८७२. त्यात एजंट आणि त्याचा मालक यांच्यातलं नातं लिहिलंय. कलम २१३ म्हणतं, मालकाने मागितल्यावर एजंटने नीट हिशोब दिलाच पाहिजे. तुम्ही माल आडत्याच्या हवाली करता तेव्हा मालक तुम्ही, एजंट तो. गाळ्यावर गादीवर कोण बसलंय यावरून मालक ठरत नाही. कलम २१६ तर आणखी पुढे जातं: एजंटने मालकाला न सांगता तो व्यवहार स्वतःसाठीच केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. म्हणजे आडत्याने तुमचा माल तुम्हाला न सांगता स्वतःच्याच भावाच्या किंवा मुलाच्या नावाने घेतला आणि तासाभराने चढ्या भावाने विकला, तर प्रश्न नुसता 'नशिबाचा' राहत नाही. म्हणून पट्टीवर खरेदीदाराचं नाव मागायचं. ते नाव नसेल तर तुमचा माल कोणी घेतला हेच तुम्हाला माहीत नाही.

(कोणी विचारेल, आता आडत खरेदीदार देतो, मग आडत्या नक्की कोणाचा माणूस? फार चांगला प्रश्न आहे. पगार ज्याचा, त्याचं ऐकायचं, असं माणसाचं मन चालतं. माल तुमचा, कमिशन समोरच्याचं. २०१६ च्या बदलातली ही गाठ अजून कोणी सोडवलेली नाही.)

हमाली, तोलाई, वाराई यांच्यावर जास्त लिहीत नाही, कारण त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करायचाय. एवढंच सांगतो की हा लहान विषय नाही. एप्रिल २०२४ मध्ये याच कपाती आणि माथाडींची लेव्ही यावरून आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले होते. गाडी इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर तोलली जाते, मग तोलाई कोणाची आणि कशाबद्दल, असा वाद होता. भांडण व्यापारी आणि माथाडी यांचं, कांदा मात्र शेतकऱ्याच्या ट्रॉलीत गरम होत राहिला.

बाजाराबाहेर विकलं तर?

घोटीचं वैशिष्ट्य तुम्हाला माहीतच आहे. मुंबई-आग्रा महामार्ग दारात, रेल्वे स्टेशन आहे, सिन्नरकडचा रस्ता इथेच फुटतो, आता इगतपुरीला समृद्धी आली. मुंबईचा व्यापारी सकाळी येऊन दुपारी परत जाऊ शकतो. त्यामुळे वर्गात नेहमी कोणीतरी म्हणतं, "सर, कशाला ती आडत आणि पट्टी? बांधावरच देऊन टाकायचं."

द्या की. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याला ती मोकळीक आहे आणि काहींना त्याचा चांगला फायदा झालाय. पण एक लक्षात ठेवा. बाजार आवारात आडत्याचा परवाना असतो, अनामत असते, तक्रार करायला सचिवाचं दार असतं. बांधावर यातलं काहीच नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना विचारा. बागेत येऊन माल तोडून नेला, चेक दिला, चेक वटला नाही, व्यापाऱ्याचा फोन बंद, हे तिथे हंगामामागून हंगाम झालंय. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा फसवणुकीविरुद्ध मोहीमच काढली, तेव्हा कुठे अनेकांचे अडकलेले पैसे परत आले. पोलिसांना उतरावं लागलं, कारण पणन खात्याची ती साखळी बांधापर्यंत पोचतच नव्हती.

म्हणून बांधावर विकणार असाल तर देखरेख तुम्हालाच उभी करावी लागते. साधं बिलबुक छापून घ्या, शंभर पानांचं, कार्बनचं. घेणाऱ्याचं नाव, गाडी नंबर, आधार किंवा जीएसटी क्रमांक, वजन, भाव, सही. निम्मे पैसे गाडी हलायच्या आधी खात्यात. 'एवढा अविश्वास?' असं तो म्हणाला तर म्हणा, 'अविश्वास नाही शेठ, आमच्याकडे बिलबुकाशिवाय माल निघत नाही.'

भाताचं थोडं वेगळं आहे. घोटी म्हणजे भाताची आणि राईस मिलची बाजारपेठ. इंद्रायणी, कोळपी, १००८ ची पोती इथे येतात. गिरणीवाल्याकडे भात थेट घातलात तर आडत हा शब्दच कुठे येत नाही, पण कपात येते. ती ओलाव्यात, काडीकचऱ्यात, बारदानाच्या वजनात आणि 'पोत्यामागे एवढा कडता' यात लपते. तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवा. सरकारी आधारभूत खरेदीत साध्या भाताचा भाव २०२५-२६ हंगामासाठी क्विंटलला २,३६९ रुपये आहे आणि ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. आदिवासी भागात ही खरेदी आदिवासी विकास महामंडळ करतं. गिरणीवाला ओलाव्यासाठी कापत असेल तर विचारा, किती टक्के भरला? मशिन दाखवा. नुसतं दाताखाली दाणा फोडून 'ओला आहे' म्हणाला, तर ते मत झालं, मोजमाप नव्हे. काट्याबद्दल शंका असेल तर त्यासाठी वैधमापन शास्त्र विभाग आहे. काट्यावर त्यांच्या पडताळणीचा शिक्का असला पाहिजे.

आता तुम्ही काय करायचं

पट्टी हातात पडली की गाळ्यावरच उभं राहून वाचा. घरी जाऊन नाही. त्यावर छापील अनुक्रमांक आहे का, गाळ्याचा परवाना क्रमांक आहे का, वजन किंवा नग, भाव, खरेदीदाराचं नाव, आणि प्रत्येक कपात वेगळ्या ओळीवर आहे का ते बघा. 'खर्च', 'इतर', 'किरकोळ' असे शब्द दिसले की तिथेच विचारायचं, "याची फोड लिहून द्या." आवाज चढवायची गरज नाही. तीन-चार वेळा विचारलंत की तुमची पट्टी आपोआप नीट लिहिली जाते, हा माझ्याकडच्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे. कारण गाळ्यावर सगळ्यांनाच कळतं की कोण पट्टी वाचतं आणि कोण खिशात घालतं.

नाहीच ऐकलं तर अर्ज. बाजार समितीच्या सचिवांच्या नावे, एक पान. तारीख, पट्टी क्रमांक, किती रक्कम कशी कापली, आणि शेवटी मागणी: कपात केलेली रक्कम परत मिळावी. सोबत पट्टीच्या झेरॉक्स. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. उत्तर आलं नाही तर त्याच अर्जाची प्रत सहाय्यक निबंधकांना, मग जिल्हा उपनिबंधकांना. उपविधीतली आडतीची आणि हमालीची पानं बघायला देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. बाजार समिती कायद्याने उभी राहिलेली संस्था आहे, ती त्यातून सुटत नाही.

आणि उचल घेतली असेल तर तिचा कागद वेगळा करा. उचल किती, कधी घेतली, किती फेडली, एवढं एका डायरीत, दोघांच्या सहीने. उचलीचा हिशोब आणि पट्टीचा हिशोब एकमेकांत मिसळू देऊ नका. व्याज द्यायचं असेल तर व्याज म्हणून द्या.

ताईंचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्यांनी अर्ज केला. दोनदा हेलपाटा झाला, तिसऱ्या वेळी सचिवांनी आडत्याला समोर बसवलं. ताईंनी २२ च्या २२ पट्ट्या टेबलावर मांडल्या. त्यातल्या १४ छापील होत्या, क्रमांक असलेल्या. त्यांची विक्री १,५२,०००. त्यावरचे ९,१२० रुपये आडत्याने कबूल केले आणि दोन हप्त्यांत खात्यात जमा केले. उरलेल्या ८ पट्ट्या म्हणजे वहीच्या फाडलेल्या पानांवर पेनने लिहिलेले आकडे होते. ना क्रमांक, ना गाळ्याचं नाव. आडत्या म्हणाला, "हे अक्षर आमच्याकडचं नाही." ते ४,७४० रुपये गेले.

ताई यंदाही त्याच गाळ्यावर माल घालतात. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "तो भाव चांगला काढतो सर, आणि आता पट्टीही चांगली काढतो." उचल मात्र त्यांनी यंदा घेतली नाही. लावणीसाठी बचत गटातून पैसे काढले.

तुमच्याकडे अशी 'खर्च' लिहिलेली पट्टी असेल तर तिचा फोटो पाठवा. स्वतःचं आणि गाळ्याचं नाव बोटाने झाका, आकडे दिसू द्या. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या तीन-चार पट्ट्या फळ्यावर मांडून फोड करू.